काकांची फायबरची होडी, कुजलेला ट्रान्सम आणि खळ्यातले चार महिने

आमच्या काकांची २१ फुटी फायबरची होडी १६ मे २०२१ पासून आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पडून होती. त्या दिवशी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून वर सरकलं. होडी वर ओढून ठेवलेली होती तरी लाटेनं उचलली आणि चिऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) नेऊन आपटली. मालवण ते देवबाग या पट्ट्यात तेव्हा ज्यांच्या होड्या, जाळी, इंजिनं गेली त्यांच्या मानानं आमचं नुकसान कमीच म्हणायचं, इंजिन आधीच काढून घरात आणलेलं होतं त्यामुळे ते वाचलं. उजव्या बाजूला खाली एक हातभर तडा गेला होता. काकांनी कोणाकडून तरी त्यात पुट्टी भरून घेतली, होडी टेम्पोतनं घरी आली, दोन माडाच्या ओंडक्यांवर सुलटी ठेवली आणि तिथंच राहिली. पहिल्या पावसाळ्यात झावळ्या घालून नीट शाकारली, दुसऱ्या वर्षी अर्धवट, तिसऱ्या वर्षी कोणी बघितलंच नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी ती पुन्हा उभी करायची असं ठरवलं. मी स्वतः मासेमारीवर जगत नाही, सावंतवाडीला नोकरी करतो, हातात फक्त शनिवार-रविवार. पण या होडीच्या पैशावर आमच्या घरातली दोन लग्नं आणि माझं शिक्षण झालंय आणि ती डोळ्यांसमोर पालापाचोळ्यानं भरलेली बघवत नव्हती. नवी घेण्याइतके पैसे काकांकडे नव्हते, माझ्याकडेही नाहीत. हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय कारण आपल्या किनाऱ्यावर खाडीच्या कडेला अशा कितीतरी फायबर होड्या पडलेल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच वाचू शकतात असं मला आता मनापासून वाटतं, आणि मी जे उलटं करणार होतो ते कोणी करू नये.

मी काय करणार होतो, तर घासून रंग. वरून बघितलं तर होडी तशी बरी दिसत होती, रंग उडालेला, जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या सगळ्यात वरच्या गुळगुळीत थरावर, केसासारखे बारीक तडे, ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या भिंतीच्या) वरच्या कडेवरची अॅल्युमिनियमची पट्टी हललेली. मी सँडपेपर, प्रायमर, रंग अशी यादी करून काकांना दाखवली. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. म्हणाले, "रंग मारशीत, पण भोक थयच रवतलां. पाणी खयसून येता ता आधी बघ." म्हणजे रंग मारशील, पण भोक तिथंच राहील, पाणी कुठून येतं ते आधी बघ.

मला ते तेव्हा समजलं नाही कारण होडी तर जमिनीवर होती, पाणी येणार कुठनं? पण एक गोष्ट मलाही खटकत होती. पूर्वी ही होडी आम्ही सहा माणसं वाळूवरून सहज ढकलायचो, ओंडक्यांवरून सरकवायला आता आठ जण लावले तरी मागची बाजू जागची हलेना. आतला पालापाचोळा, साचलेलं पाणी सगळं काढल्यावरही हलेना. म्हणजे पाणी कुठेतरी आत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फायबरची होडी म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन, हे कुजत नाही, याला वाळवी लागत नाही. पण होडी नुसती फायबरची नसते. मागची सपाट भिंत, जिच्यावर आउटबोर्ड इंजिन टांगतात तो ट्रान्सम, त्याच्या पोटात प्लायवूड असतं, बाहेरून आतून फायबरचं कातडं आणि मधे लाकूड. इंजिनाचं वजन आणि ढकलण्याचा सगळा जोर त्या लाकडावर येतो. बऱ्याच होड्यांत खालच्या फ्लोअरखालीही लाकडाच्या पट्ट्या असतात आणि मोकळ्या जागेत फोम भरलेला असतो, होडी भरली तरी बुडू नये म्हणून. लाकूड आणि फोम दोन्ही दिसत नाहीत, आणि बिघडतं तेच. जुन्या लाकडी होडीला मुशीचं (शार्कचं) तेल लावताना फळी न फळी हाताखालनं जायची, खराब फळी लगेच कळायची. फायबरची होडी वर्षानुवर्षं काही मागत नाही म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

मग आम्ही होडी वाजवून बघितली. हातोडीच्या लाकडी दांड्यानं, दर चार बोटांवर एक ठोका. फणस पिकलाय का ते बघायला आपण वाजवतो ना तसंच, चांगल्या जागी टणटण आवाज येतो आणि आत ओलं किंवा सुटलेलं असेल तिथं बद बद. काका डोळे मिटून ऐकायचे आणि मी खडूनं खूण करायचो. तासाभरानं होडीवर नकाशा तयार झाला. ट्रान्सम जवळजवळ पूर्ण बद, फक्त डावा वरचा कोपरा टणक. मागच्या अर्ध्या भागातलं फ्लोअर बद. तड्याभोवती वीतभर जागा बद. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक छोटा भाग शंकेचा. बाकी कडा आणि तळ खणखणीत. हे बघून मला खरं तर धीर आला, कारण एवढं वजन खाऊन बसलेली होडी असली तरी तिचं मूळ कवच शाबूत होतं.

ट्रान्समच्या आतल्या बाजूनं, अगदी खाली, १० मिलिमीटरचं भोक पाडलं. ड्रिलला भुगा आलाच नाही, काळा ओला गाळ आला, भिजवलेल्या तंबाखूसारखा, आणि त्याच्यामागून चहाच्या रंगाच्या पाण्याची धार लागली. ती धार मग थेंब थेंब होऊन तिसऱ्या दिवशी थांबली, खाली ठेवलेली बादली आम्ही दोनदा रिकामी केली. पहिल्याच दिवशी काकांनी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला टेकवलं आणि लगेच थुंकले. (हे कोणी करू नका, आत रेझिनचं काय काय सुटलेलं असतं.) म्हणाले, "ह्यां गोडां पाणी आसा, पावसाचां."

सगळ्या प्रकरणाची किल्ली इथं होती. पाणी खारट असतं तर ते खालून, तड्यातून किंवा तळातून आलं असतं. गोडं म्हणजे वरून. मी ट्रान्समवरची अॅल्युमिनियमची पट्टी काढली, तिला आठ स्क्रू होते, सरळ प्लायवूडमध्ये मारलेले, भोकांना कसलंही सील नाही. आठपैकी पाच स्क्रू हातानं ओढून बाहेर आले, गंजून काडीसारखे बारीक झालेले. प्रत्येक स्क्रू म्हणजे लाकडाच्या उभ्या कडेत उतरणारी एक नळी, आणि प्लायची उघडी कड तर पाणी स्पंजसारखी ओढून घेते. त्यात इंजिनाच्या बोल्टांची चार भोकं, पाणी काढायच्या बुचाचं एक भोक, तिथंही कच्चं प्लाय उघडंच. होडी वापरात होती तेव्हा शिंतोडे आत जात असणारच, कूज तेव्हाच सुरू झाली असेल, पण मधले तीन पावसाळे ती सुलटी, उघडी, मागे कललेली पडून होती आणि सगळं पावसाचं पाणी ट्रान्समच्या पायथ्याशी साचत होतं. गडग्यावर आपटल्याचा तडा डोळ्यांना दिसत होता म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होतो. त्या तड्यानं जेवढं नुकसान केलं त्याच्यापेक्षा जास्त त्या आठ स्क्रूंनी केलं. होडी पालथी ठेवली असती तरी निम्मं काम वाचलं असतं.

फ्लोअर कापल्यावर फोमचीही तीच गत. वरून कोरडा, खाली बोट घातलं तर पाणी. एक ठोकळा हातानं पिळला तर वाटीभर पाणी निघालं. तो सगळा फोम काढला, पोत्यात भरून झाल्यावर मागची बाजू चार माणसांनी उचलली.

आता घरी हे काम करण्यातली खरी अडचण, जिच्याबद्दल मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. धूळ. फायबर ग्राइंडरनं घासलं की जी पांढरी पूड उडते ती काचेची असते, अंगाला खाजते, डोळ्यांत जाते, फुप्फुसात जाते. मी मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या, सगळं घालून मार्चच्या एका शनिवारी सकाळी ग्राइंडर चालू केला आणि दहा मिनिटांत शेजारच्या काकी धावत आल्या, "अरे ता थांबव, माजी सोलां वाळतत!" मी बघितलं तर गडग्यापलीकडे त्यांची हंगामातली पहिली कोकमाची सोलं चटईवर वाळत घातलेली आणि वारा बरोबर तिकडेच वाहणारा. मी लगेच बंद केलं, त्यांच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. वरच्या थरातली सोलं त्यांनी टाकून दिली, वर्षाची बेगमी असते ती, आम्ही नंतर तेवढी आमच्या घरातली नेऊन दिली. काचेची पूड पडलेली गोष्ट पोटात जाता कामा नये, यात भीड नको. मार्च ते मे प्रत्येक घराच्या अंगणात काही ना काही वाळत असतं, आंबापोळी, फणसपोळी, मिरच्या. मग आम्ही होडीभोवती बांबू रोवून ताडपत्रीची खोली केली, खाली दुसरी ताडपत्री ओली करून अंथरली म्हणजे पूड तिच्यावर चिकटते, विहिरीवर झाकण टाकलं, आणि घासायचं काम फक्त सकाळी सातच्या आत, वारा पडलेला असताना, शेजारी सांगून. अंगाला खाज सुटली तर थंड पाण्यानं धुवायचं, चोळायचं नाही.

सुकवण्यात पाच आठवडे गेले. सगळ्यांना इथंच घाई होते आणि मलाही झाली होती. ओल्या लॅमिनेटवर (जुन्या फायबरच्या थरांवर) नवीन फायबर चिकटत नाही, चिकटल्यासारखं दिसतं. होडी मागे उतार देऊन ठेवली, दिवसा ऊन, रात्री झाकण. सुकली की नाही ते बघायला साधी युक्ती वापरली, फुटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी आतून घाम आलाय का बघायचं. पहिल्या आठवड्यात थेंब जमायचे. मार्चअखेरीस प्लास्टिक कोरडं राहायला लागलं.

ज्या मिस्त्रींनी आम्हाला शिकवलं ते वेंगुर्ल्याकडचे, आयुष्यभर होड्यांचंच काम केलेलं. ते एक दिवस येऊन बघून गेले आणि म्हणाले, "होडी नाय खराब झाली, लाकूड खराब झालंय. दोन कामं वेगळी धरा." त्यांच्या सांगण्यावरून आम्ही रेझिनही दोन प्रकारचं वापरलं आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, तळाच्या मूळ कवचाशी जुळणारं, पण लाकडाला त्याची पकड कमजोर. इपॉक्सी त्याच्या तीन-चार पट महाग, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला दोन्हीला घट्ट धरतं. मग सगळंच इपॉक्सीनं का नाही, तर एक म्हणजे पैसे, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे दुकानात सर्रास मिळते ती चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चटई, तिचे धागे ज्या बाइंडरनं एकत्र धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो आणि मॅट मऊ होऊन वळणावर बसते, इपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट कडकच राहते. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड लागतं. आणि क्रम महत्त्वाचा, पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाचं चिकटत नाही. म्हणून आधी तळाचा तडा पॉलिएस्टरनं पूर्ण संपवायचा, मगच ट्रान्समला हात लावायचा.

तडा. आधीची पुट्टी छिन्नीनं उडवली तर अख्खी एक तुकडा होऊन हातात आली, मागे कसलाही धागा नाही, म्हणजे तीन वर्षं तिथं फक्त रंगाचा आधार होता. तळाची जाडी साधारण ६ मिलिमीटर निघाली. नियम असा की कड १२ ला १ या उतारानं घासायची, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीला तड्यापासून प्रत्येक बाजूला ७२ मिलिमीटर. घासून झाल्यावर एक हाताचा तडा केवढ्या मोठ्या उथळ ताटासारखा दिसतो, बघून पोटात गोळा येतो, चांगली जागाही आपण खाल्ली असं वाटतं. पण पकड त्या उतारावरच मिळते. मग आतून चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट आणि ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (जाड विणलेलं काचेचं कापड) आलटून पालटून, शेवटी बाहेरून. एक मॅट साधारण एक मिलिमीटर जाडी देते तेव्हा किती थर लागतील ते आधीच मोजता येतं. मोठा तुकडा आधी लावला, म्हणजे तो सगळ्या उताराला भिडतो, मग त्यावर लहान होत गेलेले.

इथं केमिकलबद्दल जरा थांबतो. दुकानात तीन वस्तू मिळतात, रेझिन, वाळण्याचा वेग वाढवणारं जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं हार्डनर म्हणजे एमईकेपी. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच, कधीच मिसळायचं नाही, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग शेवटी हार्डनर, आणि दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवायच्या, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, गॉगलशिवाय बाटली उघडायची नाही, आणि भरलेली पाण्याची बादली शेजारी. रेझिनच्या वासासाठी धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, काडतूसवाला वाफेचा मास्क लागतो.

तरी माझ्याकडून दोन चुका झाल्याच. पहिली, एप्रिलच्या दुपारी एकाच खोल डब्यात किलोभर रेझिन घेतलं आणि २ टक्के हार्डनर टाकलं. ब्रश भिजवून दोन हात फिरवले असतील, डबा हाताला गरम लागायला लागला, बघता बघता आतलं रेझिन जेलीसारखं थरथरलं, मग पांढरा धूर, डबा वितळून वाकला. खळ्याच्या मध्यावर वाळूत नेऊन ठेवला म्हणून बरं. तेव्हापासून एका वेळी ४०० ग्रॅम, उथळ ट्रेमध्ये, आणि हार्डनर छोट्या वजनकाट्यावर मोजून, दीड टक्का म्हणजे ६ ग्रॅम.

दुसरी चूक जास्त महागात पडली. त्या धुराला घाबरून पुढच्या रविवारी मी हार्डनर एक टक्क्याच्याही खाली आणलं आणि ऊन नको म्हणून संध्याकाळी साडेपाचला थर घातला. मॅटचं भेंडोळं आदल्या रात्री पडवीत उघडंच राहिलेलं. आपल्या किनाऱ्यावर सूर्य कलला की हवा जड होते, पहाटे तर दव. सकाळी बघतो तर थर दुधासारखा पांढुरका, बोटाला चिकट, कोपरा नखानं उचलला तर पोळीचा पापुद्रा सुटावा तसा हातभर सुटून आला. ओली मॅट, कमी हार्डनर, रात्रीची दमट हवा, तिन्ही एकत्र आल्यावर तो थर वाळणारच नव्हता. सगळं खरवडून, अॅसिटोननं पुसून, पुन्हा घासून अख्खा आठवडा गेला. फोनवर मिस्त्री एवढंच म्हणाले की ऊन चढल्यावर, दहा ते एक. त्यानंतर आम्ही मॅट बंद पिशवीत ठेवून वापरायच्या आधी उन्हात तापवून घ्यायचो आणि एकनंतर नवीन थर नाही. वाळलेल्या पॉलिएस्टरचा वरचा पृष्ठभाग हवेमुळे थोडा चिकट राहतो तो दोष नाही, उलट दुसऱ्या दिवसापर्यंत पुढचा थर घातला तर त्याच्यावरच छान बसतो, जास्त दिवस गेले तर मात्र घासून खरखरीत करावं लागतं. शेवटच्या थरात मेण मिसळलेलं रेझिन घेतलं की वरून पूर्ण कडक होतं.

ट्रान्सम आम्ही आतून उघडला. बाहेरचं कातडं तसंच ठेवलं कारण होडीचा आकार त्याच्यात आहे. आतलं कातडं कडेनं चार बोटं सोडून कापलं आणि खुरप्यानं लाकूड काढायला घेतलं, हो, खुरप्यानं, छिन्नी लागलीच नाही. खालचा दोन तृतीयांश भाग शेणासारखा, आणि त्याच्यात गांडुळं. समुद्रावर जाणाऱ्या होडीच्या ट्रान्सममध्ये गांडुळं बघून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. याच्यावर इंजिन लावून ते शेवटच्या हंगामात गेले होते, इंजिन लाकडासकट तुटून पाण्यात गेलं असतं तर भोक मागेच पडलं असतं, पाण्याच्या रेषेशी.

पुठ्ठ्याचा साचा कापून तो बसेपर्यंत चार वेळा बदलला. प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघून घेतला, मरीन ग्रेडचा तो, दुकानदार ३०३ दाखवून तेच आहे म्हणाला तर घ्यायचं नाही. १९ मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीनं एकावर एक चिकटवून ३८ चा एक, सगळ्या कडांना पातळ इपॉक्सीचे तीन हात, कड पिते तितकं पिऊ द्यायचं. मग घट्ट केलेलं इपॉक्सी कातड्यावर दातेरी पत्र्यानं पसरून प्लाय दाबला. एवढे मोठे क्लॅम्प आमच्याकडे नव्हते, म्हणून बाहेरून एक फळी, आतून एक फळी आणि मधून इंजिनाच्याच भोकांतून बोल्ट, बोल्टांना मेण चोळलेलं म्हणजे ते चिकटत नाहीत. बाहेर लोखंडी अँगल लावला होता, नाहीतर दाबाखाली कातडं आत-बाहेर होतं आणि इंजिन वाकडं बसतं. काकांचं इंजिन लाँग शाफ्ट, म्हणजे लांब दांड्याचं, त्याला ट्रान्समची उंची २० इंच लागते, जुनी कड झिजून अर्धा इंच खाली गेली होती ती या वेळी बरोबर केली.

प्लाय आणि तळ जिथं मिळतात त्या कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची गोलाई दिली, जेवणाच्या चमच्याची पाठ फिरवून. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, मागे हवा धरते, आणि ती हवा म्हणजे पुढच्या पाण्याची जागा. वर चार थर कापड, तळावर आणि कडांवर सहा-सहा इंच उतरवलेले. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, त्यात लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवणं चालत नाही, हे पॉलिएस्टरच्या सवयीनं विसरायला होतं. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा येतो, पुढच्या थराआधी तो साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवून, वाळवून घ्यायचा.

आणि भोकं, ज्यांच्यामुळे हे सगळं झालं. प्रत्येक भोक मुद्दाम मोठं पाडलं, १२ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर २० चं, ते घट्ट इपॉक्सीनं भरलं आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध १२ चं भोक पाडलं. आता बोल्टभोवती लाकूड नाहीच, इपॉक्सीची नळी आहे, सील गेलं तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. बुचाच्या भोकालाही तेच. स्टेनलेस स्टील ३१६ ग्रेडचं घेतलं, ३०४ खाऱ्या पाण्यात चहाचे डाग पडल्यासारखं गंजतं. सील पॉलियुरेथेनचं, सिलिकॉन नाही, एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी पुढे रंगही धरत नाही. वरच्या कडेला पट्टी परत लावलीच नाही, कापडाचा जास्तीचा थर वरून वळवून घेतला, स्क्रूच नकोत.

फोमच्या जागी थर्माकोल घालायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला लागलं की तो विरघळून पाणी होतो, हे मी एका तुकड्यावर करून दाखवलं तेव्हा पटलं. आम्ही बाकांखाली बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न पिणाऱ्या, फोमचे ठोकळे बसवले, काढता येतील असे, आणि फ्लोअरखाली काहीच भरलं नाही, पाणी मागे वाहून बुचाशी यावं म्हणून वाट मोकळी ठेवली.

रंगाआधी होडीचा नोंदणी क्रमांक फोटो काढून ठेवला, घासण्यात तो जातो. होडीला रंग कुठला चालेल, आकडे किती मोठे हवेत ते मत्स्यव्यवसाय खात्यात विचारून मगच डबे आणले. इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेनचे दोन हात, एवढंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा होडी पालथी, शाकारलेली होती.

एकूण ३० किलो पॉलिएस्टर रेझिन, ९ किलो इपॉक्सी, १४ किलो मॅट-रोव्हिंग आणि कापड, एक पूर्ण प्लाय, ग्राइंडरच्या डिस्क मोजल्या नाहीत. मजुरी न धरता ५२ हजार गेले, त्यात पाचेक हजार माझ्या त्या दोन चुकांचे.

जमिनीवरच आधी आत चार बोटं पाणी भरून रात्रभर ठेवलं, बाहेर कुठे ओल दिसते का बघायला. कुठेच नाही. मग पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपल्यावर ऑगस्टमध्ये, १९ तारखेला नारळी पौर्णिमेचा नारळ दिल्यावर भरतीला खाडीत घातली. ओढायला सहा माणसं होती. काका पुढे न बसता मागे ट्रान्समला पाठ लावून बसले, इंजिन वाढवत नेलं आणि मधेच हात मागे घालून त्या भिंतीला तळवा लावून ठेवला, बराच वेळ. जुना ट्रान्सम इंजिन वाढवलं की दोन बोटं मागे-पुढे व्हायचा, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

एक हंगाम पूर्ण झालाय. दर महिन्याला ट्रान्सम वाजवतो, टणटण आहे. होडी किनाऱ्यावर आली की बूच काढून, नाळ उंच करून ठेवतात, आणि पावसात पालथी. नाळेजवळची ती शंकेची जागा मात्र मी वेळेअभावी तशीच सोडली होती. आता तिथं हातभर भागात बद आवाज येतोय, नांगराची दोरी बांधायची कडी तिथंच बोल्टानं बसवलेली आहे. तो बोल्ट मी काढून बघितला, खाली कच्चं लाकूड, काळपट. मेमध्ये ते उघडायचंय, शेजारच्या काकींना विचारून ठेवलंय सोलं कधी घालणार ते.